पार्टला वॉरंटी आहे, पण मजुरी कोणाची? गाडी दुरुस्तीच्या तीन वाटांची तुलना

गाडीत बसवलेला नवा पार्ट मुदतीच्या आत निकामी झाला तर दुकानदार दुसरा पार्ट देतो. परंतु बिघडलेला काढण्याची आणि बदली आलेला बसवण्याची मजुरी कोणी द्यायची, हा प्रश्न बहुधा गाडी गॅरेजमध्ये उघडून पडल्यावरच निघतो. घाटंजी, मूल, मेहकर, दर्यापूर अशा तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आणि कंपनीची मूळ वॉरंटी संपलेली गाडी वापरणाऱ्या माणसासमोर तीन वाटा असतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या किंवा नागपूर, अमरावती, अकोल्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी न्यावी, गावातल्या गॅरेजवाल्यालाच पार्ट आणायला सांगावा, किंवा पार्ट स्वतः विकत घेऊन मिस्त्रीकडून केवळ बसवून घ्यावा. पहिल्या दिवसाचे बिल पाहिले तर तिसरी वाट सर्वांत स्वस्त दिसते, आणि काही पार्टांच्या बाबतीत ती खरोखरच स्वस्त असते. माझ्या मते ही निवड गाडी किती जुनी आहे किंवा मिस्त्री किती ओळखीचा आहे यावरून करू नये. त्या विशिष्ट कामात पार्टची किंमत किती आणि मजुरी किती, हे आधी विचारून मग करावी.

क्लचचे काम घेऊ. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाडीचा क्लच बदलायचा तर आधी गिअर ऑइल काढावे लागते, दोन्ही बाजूंचे एक्सल ओढून बाहेर घ्यावे लागतात, मग गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, तेव्हा कुठे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग दिसतात. या तिघांत रिलीज बेअरिंग सर्वांत स्वस्त. परंतु तेवढेच बेअरिंग महिनाभरात आवाज करू लागले तरी गिअरबॉक्स पुन्हा तसाच, तितकाच वेळ घालून उतरवावा लागतो. समजा बेअरिंग ६०० रुपयांचे आहे आणि मजुरी २,५०० रुपये. दुकानदाराने बेअरिंग विनातक्रार बदलून दिले तरी गाडीमालकाच्या खिशातून २,५०० रुपये आणि नव्या गिअर ऑइलचे पैसे जातातच. वॉरंटी पूर्णपणे पाळली गेली आणि तरीही चार पंचमांश नुकसान ग्राहकाच्या माथी राहिले, असे येथे घडते.

याच्या दुसऱ्या टोकाला बॅटरी आहे. काढायला आणि बसवायला दहा मिनिटे लागतात, मजुरी नगण्य असते, आणि अनेक दुकानदार ती घेतही नाहीत. बॅटरीच्या वॉरंटीचे सहसा दोन टप्पे असतात: पहिल्या काही महिन्यांत बॅटरी मोफत बदलून मिळते, पुढच्या काही महिन्यांत नव्या बॅटरीच्या छापील किमतीवर ठरावीक सूट मिळते. विदर्भाच्या उन्हाळ्यात बॅटरीचे आयुष्य घटते, म्हणून येथे मोफत बदलीचा पहिला टप्पा किती महिन्यांचा आहे, हेच पाहावे. दोन्ही टप्प्यांची बेरीज करून सांगितलेल्या मोठ्या आकड्याला फारसे महत्त्व देऊ नये. बॅटरी, वायपर, बल्ब, एअर फिल्टर अशा वस्तू जेथे स्वस्त आणि खात्रीच्या मिळतील तेथून स्वतः घ्याव्यात. मजुरीचा वाद त्यांच्यात उद्भवतच नाही.

वाद उद्भवतो तो क्लच, टायमिंग बेल्टच्या मागे बसणारा वॉटर पंप, टाकीतला फ्युएल पंप, व्हील बेअरिंग, एसीचा कॉम्प्रेसर अशा कामांत, आणि तिन्ही वाटांतला फरक तेथेच दिसतो.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पार्ट त्यांचा आणि काम त्यांचे असते, बिल एकच असते. त्यांनी बसवलेला पार्ट मुदतीत सदोष निघाला तर बहुतेक कंपन्यांच्या व्यवस्थेत पार्टबरोबर मजुरीही माफ होते. मात्र त्याच सेंटरच्या काउंटरवरून पार्ट घेऊन तो गावातल्या मिस्त्रीकडून बसवला, तर ही मजुरीची सवलत राहील असे गृहीत धरू नये. काउंटरवरची विक्री आणि वर्कशॉपमधले काम यांच्या अटी वेगळ्या असतात, आणि त्या बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेल्या असतात. या वाटेचा तोटा उघड आहे. मजुरीचा दर गावापेक्षा चढा असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि अंतराचा खर्च कोणतीही पार्टची वॉरंटी सहसा भरून देत नाही. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. सिरोंच्याहून तर गडचिरोली गाठायलाच दोनशेच्या आसपास किलोमीटर जावे लागते. गाडी चालत असेल तर ठीक. क्लच किंवा पंप गेल्यावर गाडी टोचन करून किंवा दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी लागली, तर वाचलेल्या मजुरीपेक्षा त्याचेच भाडे जास्त होऊ शकते. विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतले असेल तर त्यात किती किलोमीटरपर्यंत गाडी ओढून नेतात, हे पॉलिसीत आधीच पाहून ठेवावे.

गावातल्या गॅरेजवाल्याने स्वतः पार्ट आणून बसवला, तर तो खरेदीच्या किमतीवर थोडे पैसे ठेवतो. अनेकांना हे खुपते, आणि म्हणून ते थेट स्पेअर पार्टच्या दुकानात जातात. मला मात्र हे पैसे रास्त वाटतात, कारण पार्ट पुन्हा बिघडला तर पुन्हा करावयाच्या कामाची तजवीज त्यातूनच होते. पार्ट ज्याने विकला आणि ज्याने बसवला तो माणूस एकच असल्यामुळे दोष पार्टचा की बसवण्याचा, ही ढकलाढकल येथे संभवत नाही. अट एवढीच की मजुरीबद्दलचे बोलणे काम सुरू होण्याआधी व्हावे आणि कागदावर यावे. ‘क्लच सेट, सहा महिन्यांत पार्टमध्ये दोष आढळल्यास पार्ट व मजुरी दोन्ही विनाशुल्क’ असे एक वाक्य बिलावर लिहून, तारीख, गाडी नंबर आणि किलोमीटरचा आकडा टाकून सही घेतली की पुरते. ‘पाहून घेऊ भाऊ, तुमची गाडी काही परकी आहे का’ हे उत्तर बहुतेक वेळा प्रामाणिकपणेच दिलेले असते, परंतु चार महिन्यांनी त्याचा अर्थ पूर्ण मजुरी माफ असा होतो की अर्धी, हे तेव्हाच्या कामाच्या गर्दीवर अवलंबून राहते. लहान गॅरेजची वार्षिक उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखाली, म्हणजे सेवांसाठी २० लाख रुपयांच्या आत असेल, तर त्याच्याकडे जीएसटीचे बिल मिळणार नाही. साध्या छापील पावतीवरही हा मजकूर लिहून घेता येतो.

तिसऱ्या वाटेत पार्ट ग्राहकाचा आणि हात मिस्त्रीचा असतो. पार्ट सदोष निघाला तर दुकानदार पार्ट देईल, मजुरी देणार नाही; मिस्त्री पुन्हा केलेल्या कामाचे पैसे मागेल, आणि त्याचे मागणे चुकीचे म्हणता येणार नाही. त्याने पार्टवर काही कमावलेले नसते, पार्ट निवडलेला नसतो, आणि एक दिवस त्याच गाडीखाली दुसऱ्यांदा घालवायचा असतो. अडचण वाढते ती दोष कोणाचा यावर एकमत नसते तेव्हा. दुकानदार म्हणतो, बेअरिंग ठोकून बसवले म्हणून गेले. मिस्त्री म्हणतो, मालच डुप्लिकेट होता. मधल्या गाडीमालकाला दोघांपैकी कोणाचेही म्हणणे तपासण्याचे साधन नसते. ऑनलाइन मागवलेल्या पार्टबाबत तर बसवलेला पार्ट परत घेण्याचीच अट अनेकदा नसते, त्यामुळे तेथे वाचलेले दोन-तीनशे रुपये क्लच किंवा पंपासारख्या कामात मुळीच उपयोगी पडत नाहीत.

कोणतीही वाट धरली तरी क्लेम मंजूर होईलच असे नाही, हे धरून चालावे. वॉरंटी उत्पादनातल्या दोषाची असते, झिजेची किंवा वापरातल्या चुकीची नसते. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर काळ्या मातीत रुतलेली गाडी अर्धा क्लच दाबून रेटत काढली, तर प्लेट जळते, तिचा पृष्ठभाग काळानिळा पडतो आणि करपट वास राहतो. असा क्लच वितरकाकडे तपासायला गेला की पहिल्या नजरेतच नाकारला जातो. गावातल्या दुकानातून घेतलेला पार्ट आधी नागपूर किंवा अकोल्याच्या वितरकाकडे आणि तेथून कंपनीकडे जाण्याची शक्यता असते, आणि तोवर गाडी उभी राहते. म्हणून खरेदीच्या वेळीच विचारावे की क्लेम झाल्यास बदली पार्ट लगेच मिळेल की तपासणीनंतर. कापूस जिनिंगला नेण्याच्या दिवसांत पिकअप आठवडाभर उभी राहिली, तर बुडालेले भाडे कोणीही भरून देत नाही. वॉरंटीच्या बहुतेक अटींत असे नुकसान स्पष्टपणे वगळलेले असते.

कायद्याचा आधार या तिन्ही वाटांना सारखाच आहे, तो पुराव्याच्या बाबतीत मात्र वेगवेगळा पडतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे परत करण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथाच आहे. त्यामुळे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का पाहून सदोष पार्ट घरी ठेवून देण्याचे कारण नाही. मजुरीच्या परताव्याचा वेगळा नियम कायद्यात नाही. ती नुकसानभरपाई म्हणून मागावी लागते, आणि ती मिळणे न मिळणे बिलावर काय लिहिले आहे आणि दोष कोणाचा ठरतो यावर अवलंबून असते. सर्व्हिस सेंटरचे जॉब कार्ड किंवा गॅरेजवाल्याचे एकत्रित बिल येथे उपयोगी पडते. पार्टचे बिल एकाचे आणि मजुरीची तोंडी बोली दुसऱ्याची असेल तर फारसे काही हाती लागत नाही.

भाड्याने चालणाऱ्या पिकअपच्या मालकांना कधी कधी सांगितले जाते की धंद्याच्या गाडीला ग्राहक आयोगात जागा नाही. ते पूर्ण खरे नाही. व्यापारी उद्देशाने घेतलेली वस्तू किंवा सेवा वगळलेली असली, तरी स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी केलेला वापर कायद्याने व्यापारी उद्देश मानलेला नाही. स्वतःच गाडी चालवून घर चालवणारा मालक त्यामुळे तक्रार करू शकतो. तक्रार तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, त्यासाठी दुकान असलेल्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हजार-दोन हजारांच्या मजुरीसाठी आयोगाच्या तारखा सांभाळण्यापेक्षा तो मार्ग परवडतो. दोन्हीकडे लागणारी गोष्ट एकच: पार्ट काढण्याआधी आणि काढल्यावर घेतलेला फोटो, त्यावरचा नंबर वाचता येईल असा. आणि जुना पार्ट क्लेमसाठी दुकानात जमा करायचा असेल, तर तो मिळाल्याची तारखेसह पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नये.