ड्रिफ्टिंग शिकायला कोणती गाडी तयार करावी: थ्री सिरीज, सी-क्लास की कॉन्टेसा?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ज्याला ड्रिफ्टिंग शिकायचे असते, त्याचा पहिला प्रश्न बहुधा अश्वशक्तीचा असतो आणि निवड चुकायला तिथूनच सुरुवात होते. मागची चाके मुद्दाम घसरवायची आणि पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला वळवून गाडी ताब्यात ठेवायची, असा हा खेळ आहे. त्यासाठी इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळणे अनिवार्य आहे. ती अफाट असण्याची मात्र गरज नाही. ज्या गाडीवर नामांकित ड्रिफ्टर केइची त्सुचिया यांनी जपानमध्ये नाव कमावले, ती टोयोटाची एई-८६ (१९८३ ते १९८७) १.६ लिटर इंजिनाची, जेमतेम १३० अश्वशक्तीची आणि वजनाने टनाच्या आतली होती. नवशिक्याने खरे तर एवढेच विचारावे, की या रविवारी मोडलेली गाडी पुढच्या रविवारपर्यंत पुन्हा उभी राहील का? पुढची तुलना याच कसोटीवर केली आहे.

आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान पुढच्या चाकांवर चालतात, त्यामुळे त्या आपोआपच बाद होतात. मारुतीची ईको व्हॅन मागच्या चाकांवर चालते आणि तिला मॅन्युअल गिअरही आहेत, परंतु उंच आणि अरुंद असल्यामुळे ती आडवी घसरण्याऐवजी आडवी पडण्याची भीती जास्त. स्पोर्ट्‌स कारच हवी, असा हट्ट असेल तर २०१० मध्ये भारतात आलेली निसान ३७०झेड कधीमधी विक्रीला दिसते. ३.७ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि सव्वातीनशेहून अधिक अश्वशक्ती वाचायला गोड वाटते. पण तिच्या क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत बसवलेला असून तो बिघडण्याबद्दल प्रसिद्ध आहे, आणि बिघडला की पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पहिल्या वर्षी ही गाडी चालवण्यापेक्षा सुट्या भागांची वाट पाहण्यातच अधिक वेळ जाईल. म्हणून विचार करण्याजोग्या तीनच उरतात: बीएमडब्ल्यू थ्री सिरीजची ई-९० पिढी, मर्सिडीज सी-क्लासची डब्ल्यू-२०४ पिढी आणि जुनी हिंदुस्तान कॉन्टेसा.

ई-९० चे सर्वांत मोठे बळ म्हणजे ती भरपूर आहे. चेन्नईच्या कारखान्यात २००७ पासून थ्री सिरीजची जुळणी सुरू झाल्यामुळे एमएच-०४ आणि एमएच-४३ क्रमांकाच्या कितीतरी गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, आणि त्या उघडायला न घाबरणारे मेकॅनिक वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत सापडतात. दुसरे म्हणजे, मागची चाके क्षणभर अडवून घसरण सुरू करायला लागणारा खराखुरा, हाताने ओढायचा हँडब्रेक तिला आहे. तो मागच्या डिस्कच्या पोटातल्या लहान ब्रेक-शूजवर चालतो. ते शूज लवकर झिजतात, पण स्वस्तात बदलता येतात. तिसरे, ट्रॅक्शन कंट्रोलचे (चाक घसरू लागताच आवर घालणाऱ्या यंत्रणेचे) बटण क्षणभर दाबले तर यंत्रणा फक्त थोडी सैल होते, आणि तीन-चार सेकंद दाबून धरले तर ती बंद होते. नवशिक्याला घसरण्याचा खरा स्वभाव कळायचा असेल तर हे हवेच.

दोषही तितकेच ठोस आहेत. ३२०आय मॉडेलमध्ये व्हॉल्व्हचे सील कडक होऊन तेल जळू लागते. गाडी पाहायला गेल्यावर इंजिन दहा मिनिटे नुसते चालू ठेवा, मग एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबा; मागून निळसर धूर निघाला तर विक्रेत्याने सांगितलेला आकडा विसरून जा. ३२५आय सहा सिलिंडरची आणि २१८ अश्वशक्तीची, शिकण्यासाठी तिघींत सर्वांत गोड. पण तिचा पाण्याचा पंप विजेवर चालतो, पूर्वसूचना न देता थांबतो आणि महाग आहे. ३२०डी स्वस्तात मिळते खरी, मात्र त्या काळातल्या दोन लिटर डिझेल इंजिनाची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असल्यामुळे ती बदलायला निम्मी गाडी सोडावी लागते. शिवाय भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक ई-९० ऑटोमॅटिक आहेत. क्लच नसल्यामुळे क्लचचा झटका देऊन मागची चाके सोडवण्याचे तंत्र तिच्यावर शिकता येत नाही.

डब्ल्यू-२०४ बद्दल मला लिहायला फारसे नाही, कारण तिची उणीव चालकाच्या पायाशीच आहे. तिचा पार्किंग ब्रेक हाताने ओढायचा नसून डाव्या पायाने दाबायचा आहे आणि सोडण्यासाठी डॅशबोर्डवरचा खटका ओढावा लागतो. वळणावर त्याचा उपयोग शून्य. स्थिरता-नियंत्रण ‘बंद’ केले, तरी ब्रेकला पाय लागताच ते पुन्हा मध्ये येते. गाडी आरामदायी आणि दणकट आहे, आणि घरातली मंडळी तिच्यात आनंदाने बसतील. ज्याला एकच गाडी परवडते, त्याच्यासाठी हा मुद्दा अगदीच क्षुल्लक नाही. तरीही ड्रिफ्टिंगसाठी ती विकत घेणे म्हणजे पोहायला शिकण्यासाठी बोट विकत घेण्यासारखे आहे.

कॉन्टेसाची गोष्ट वेगळी. १९८४ ते २००२ या काळात बनलेल्या या गाडीच्या १.८ लिटर इसुझु इंजिनाच्या आवृत्तीत पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, मागे सलग एक्सल (दोन्ही चाके एकाच आडव्या दांड्याला जोडलेली) आणि जवळजवळ शून्य इलेक्ट्रॉनिक्स आहे. जे मोडते ते डोळ्यांना दिसते आणि हातोडी-पान्याने दुरुस्त होते. क्लच आहे, हँडब्रेक आहे, आणि बंद करण्यासारखी कोणतीही यंत्रणा नाही. पण ताकद आजच्या एखाद्या छोट्या हॅचबॅकएवढी असल्यामुळे कोरड्या काँक्रीटवर ती घसरायला तयार होत नाही. पावसाळ्यात किंवा पाणी मारलेल्या जमिनीवरच तिची मजा. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधत फिरावे लागतात आणि चांगल्या स्थितीतल्या कॉन्टेसाला आता संग्राहक भाव देतात. ज्याच्या हाताला दुरुस्तीची आवड आहे, त्याच्यासाठीच ही निवड.

गाडी ठरली की पैसे कुठे घालायचे, यात डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरसंचाचा (थोडक्यात डिफचा), निर्णय सर्वांत मोठा आणि तोच सर्वाधिक चुकवला जातो. साध्या डिफमध्ये वळणाच्या आतल्या चाकावरचा भार कमी होताच ते नुसते गरगरते, बाहेरच्या चाकापर्यंत जोर पोहोचत नाही आणि घसरण अर्ध्यावर मरते. उपाय दोन: डिफचे आतले गिअर वेल्डिंग करून दोन्ही चाके कायमची एकत्र बांधणे, किंवा लिमिटेड-स्लिप डिफ (एक चाक गरगरू लागले तरी दुसऱ्यालाही जोर देणारा) बसवणे. वेल्डिंगचा खर्च दुसऱ्या पर्यायापुढे किरकोळ असतो आणि शिकताना त्याचा परिणाम अधिक ठामपणे समजतो, कारण दोन्ही चाके प्रत्येक वेळी एकत्रच सुटतात. मात्र रोजच्या वापराला ते त्रासदायक ठरते. सोसायटीच्या फाटकातून गाडी पूर्ण वळवून आत घेताना आतले टायर फरपटत ओरडते आणि वॉचमन प्रत्येक वेळी खाली वाकून चाकाकडे पाहतो, हे मी सहा महिने अनुभवले आहे. माझे पहिले वेल्डिंग तर दुसऱ्याच सरावात तडकले. उघडून पाहिले तेव्हा कळले, की कारागिराने गिअरवरचे तेल नीट न धुताच वेल्डिंगची कांडी टेकवली होती. धातू वरवर चिकटला होता, आत मुरलाच नव्हता. म्हणून डिफ उतरवून, पूर्ण धुऊन, आपल्या डोळ्यांदेखत काम करून घ्यावे. गाडी ऑफिसलाही न्यायची असेल तर वेल्डिंगचा विचार सोडून लिमिटेड-स्लिपसाठी पैसे साठवावेत, आणि तोवर ओल्या जमिनीवर साध्या डिफनेच गोल फिरण्याचा सराव करावा.

बाकीची तयारी त्यामानाने सोपी आहे. पुढच्या चाकांना तीनेक अंश ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) आणि किंचित टो-आऊट (चाकांची पुढची कड बाहेर वळलेली), मागच्या चाकांना जवळजवळ शून्य कॅम्बर. पुढे चांगली पकड असलेली टायर, मागे स्वस्त आणि कडक. ई-९० आणि डब्ल्यू-२०४ या दोघींच्याही साध्या आवृत्त्यांना २०५/५५ आर१६ मापाची टायर लागतात आणि ती सर्वत्र मिळतात, हा १८ इंची चाकांच्या मोहाविरुद्धचा माझा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे सस्पेन्शन) आणि हायड्रॉलिक हँडब्रेक पहिल्या वर्षी नकोत. त्याऐवजी थंडाव्याकडे लक्ष द्यावे: आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात वेग कमी आणि इंजिनाचे फेरे जास्त असल्यामुळे रेडिएटरला वाराच मिळत नाही, आणि जुन्या बीएमडब्ल्यूची कूलंटची प्लॅस्टिक टाकी व नळ्या नेमक्या तेव्हाच फुटतात. त्या आधीच बदलाव्यात. बॅटरी घट्ट बांधावी, हात पोहोचेल तिथे अग्निशामक नळकांडे ठेवावे, टो-हुक लावलेला असावा आणि हेल्मेट घालावे. रोल-केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पोलादी सांगाडा) नसताना मूळ सीट आणि मूळ तीन-बिंदू सीटबेल्ट काढू नये.

जागा आणि कायदा हे या निवडीचेच भाग आहेत. पाम बीच रोड किंवा घोडबंदर रोडवर रात्री दोन वाजता सराव करणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ धोकादायक वाहनचालनासाठी आणि कलम १८९ सार्वजनिक जागी शर्यत लावण्यासाठी आहे, आणि त्या रस्त्यांवर घरी परतणारी माणसे असतात. कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला आहे. म्हणून रस्त्यावर येणाऱ्या गाडीत पुन्हा मूळ स्थितीला आणता येतील एवढेच बदल करावेत. नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणीतले नुकसान भरून मिळत नाही. एमआयडीसीतल्या एखाद्या गोदामाचे बंदिस्त काँक्रीट आवार मालकाच्या लेखी परवानगीने मिळाले तर उत्तमच. नाहीतर कोइम्बतूरचा कारी ट्रॅक किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठावा लागतो. ठाण्याहून चेन्नई सुमारे १३०० किलोमीटर आहे, आणि वेल्डिंग केलेल्या डिफची गाडी तिथवर चालवत नेणे वेडेपणाचे आहे. वाहून नेण्याचा खर्च हिशेबात पहिल्या दिवसापासून धरावा.

घरात दुसरी गाडी असेल आणि महिन्यातून दोन रविवार मिळत असतील, तर धूर न काढणारी ३२०आय घ्यावी, डिफ वेल्ड करावा आणि उरलेले पैसे टायरसाठी ठेवावेत. ३२५आय मिळाली आणि पाण्याच्या पंपाची पावती सोबत असली तर तिला अग्रक्रम. मॅन्युअल गिअर आणि क्लचवरच शिकायचे असा निश्चय असेल, मेकॅनिक मित्र असेल आणि जून ते सप्टेंबरची वाट पाहण्याची तयारी असेल, तर कॉन्टेसा. एकाच गाडीत सगळे बसवायचे असेल तर सी-क्लासकडे न वळता साध्या डिफची ई-९० घ्यावी, आणि पहिला खर्च मागच्या हँडब्रेक-शूजवर करावा.