सेनेका तलावाकाठची ड्राय रिझलिंग, इंदुरी ताटासोबत

न्यूयॉर्क राज्यात राहणारी माझी भाची यंदा थंडीत इंदूरला आली, तेव्हा तिने फिंगर लेक्स भागातील सेनेका तलावाकाठच्या एका लहान वायनरीची ड्राय रिझलिंग, म्हणजे रिझलिंग द्राक्षांची गोडवा नसलेली पांढरी वाइन, आणली. नाशिकच्या काहीशा गोडसर शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनची सवय असलेल्या आम्हा घरच्यांना पहिला घोट चांगलाच आंबट लागला, हे आधीच सांगितलेले बरे.

हा आंबटपणा त्या जागेचा गुण आहे. हिमनद्यांनी कोरलेल्या या लांबट तलावांपैकी सेनेका सुमारे १८८ मीटर खोल असून तो सहसा गोठत नाही. उन्हाळ्यात साठलेली ऊब त्याचे पाणी हिवाळ्यात काठच्या मळ्यांना देते आणि वसंतात थंड राहून वेलींना घाईने फुटू देत नाही, त्यामुळे उशिराच्या कडाक्यातून कोवळे कोंब वाचतात. द्राक्षे सावकाश पिकतात आणि त्यांतील आम्ल टिकते. तरीही रिझलिंगसारखी युरोपीय वेल इथे तगणार नाही, अशीच समजूत होती. युक्रेनमधून आलेले डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी थंडी सोसणाऱ्या खुंटांवर कलमे बांधून ती खोटी ठरवली आणि १९६२ मध्ये जवळच्या क्युका तलावाकाठी स्वतःची वायनरी काढली.

बाटली फ्रिजमधून काढल्याबरोबर ओतली, तेव्हा वास जवळजवळ आलाच नाही. दहा-पंधरा मिनिटांनी मात्र मोसंबीची साल, हिरवे सफरचंद आणि अगदी पुसटसा रॉकेलचा वास आला. हा शेवटचा वास दोष नव्हे, रिझलिंगची ती ओळखच आहे, पण आमच्या सौभाग्यवतींना हे अखेरपर्यंत पटले नाही. चव स्वच्छ आणि धारदार आहे, फक्त घोटानंतर ती आणखी थोडी रेंगाळायला हवी होती.

खरी गंमत जेवताना आली. तळलेल्या गराडूवर (एक कंद) जिरावण हा इंदुरी मसाला भुरभुरून वर लिंबू पिळण्याची आपली रीत आहे; या वाइनसोबत लिंबाची गरजच पडली नाही, तेलकटपणा तिनेच कापला. दुधात शिजवलेल्या भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसासोबत ती जरा कोरडी पडली, आणि श्रीखंडापुढे तर निव्वळ आंबट पाणी वाटली.

करमुक्त मद्याची दोन लिटरची मर्यादा पाहता भाचीला पुढच्या खेपेस ७५० मिलिलिटरच्या दोनच बाटल्या आणता येतील. एक हीच सांगितली आहे, आणि दुसरी किसासाठी मीडियम ड्राय, म्हणजे किंचित गोडसर.