२० किलोचा पीव्हीसी डंबेल सेट : घ्यावा का, आणि घेताना काय बघावं?

घरच्या घरी ताकद वाढवायची म्हटली की बहुतेकांची पहिली खरेदी हाच सेट असते. आमचं स्पष्ट मत : घ्या, पण दुकानातून निघतानाच १ किलोच्या चार प्लेटा वेगळ्या घेऊन निघा. नाहीतर हा सेट ऐन भरात अडतो.

सेटमध्ये साधारणपणे ३ किलोच्या चार आणि २ किलोच्या चार प्लेटा, १४ इंची दोन रॉड, ३ फुटी एक बार आणि नट येतात. दोन्ही डंबेल सारखे भरायचे तर रॉड सोडून तीनच वजनं जमतात : ४, ६ आणि १० किलो. ६ किलोनं खांद्याचा प्रेस (वजन खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) १२ वेळा सहज होऊ लागला की पुढची पायरी थेट १० ची. मग माणूस कंबर मागे टाकून वजन ढकलतो आणि कंबर धरून बसतो. ३ सोबत १ किलोची प्लेट लावली की मधले ८ मिळतात. एवढ्यासाठी तो जादा खर्च करावाच.

प्लेट म्हणजे वरून प्लास्टिकचं कवच आणि आत सिमेंट-वाळूचा भरणा. त्यामुळे ती लोखंडी प्लेटेपेक्षा बरीच जाड असते. १४ इंची रॉडवर एका बाजूला दोन प्लेटा बसल्या की नटाला जेमतेम आटे उरतात. नटाच्या बाहेर दोन आटे दिसलेच पाहिजेत, तिसरी प्लेट कोंबू नका. मनगट फिरतं तशी प्लेट फिरते आणि नट ढिला होतो, म्हणून व्यायामाच्या प्रत्येक सेटआधी, म्हणजे फेरीआधी, आवळा. रबरी वॉशर नसलेला नट घेऊच नका. दुकानातच प्रत्येक प्लेट काट्यावर ठेवा आणि हलवून बघा. जोडातून भुकटी पडली तर बदलून मागा.

आपटली की प्लेट जोडावरच तडकते. शहाबादी असो वा टाइल्स, फरशीवर थेट ठेवू नका. दुमडलेली चादर टाइल्सवर सरकते. गोठ्यात अंथरतात ती जाड रबरी मॅट उत्तम. गच्चीवरही ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं.

आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, पुरतात. छातीशी एक डंबेल धरून बैठका, पलंगाच्या कडेला एक हात टेकवून रोइंग (दुसऱ्या हातानं डंबेल पोटाकडे ओढणं), जमिनीवर पडून प्रेस (छातीपासून वर ढकलणं), आणि गुडघे किंचित वाकवून कंबरेतून पुढे झुकणारी डेडलिफ्ट. प्रत्येकी ८ ते १२ चे तीन सेट. तिन्हींत १२ झाले की वजन वाढवा. बेंच नसला तरी बिघडत नाही; जमिनीवर कोपर टेकतं, त्यामुळे खांद्यावर ताण कमी येतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर करा, घामानं क्रोमचा रॉड हातातून निसटतो. बीपी किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

वजन मात्र डंबेलनं फारसं उतरत नाही, ते ताटातून उतरतं. ज्वारीची भाकरी सोडायची मुळीच गरज नाही. मोजायची ती शेंगाचटणी : ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण १७० कॅलरी, वर चमचाभर तेल घेतलं की आणखी ४५. कडक भाकरी हाताला हलकी लागते, कारण पाणी उडालेलं असतं. पीठ तेवढंच आहे, म्हणून भाकरी पिठावर मोजा. प्रथिनं रोज शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ८४ ते ११२. एका अंड्यात ६, कोरड्या ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत सुमारे २५. नुसत्या वरणावर हा आकडा गाठणं अवघड. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी चांगलं. त्याहून घाई केली तर चरबीबरोबर कमावलेले स्नायूही जातात.

या सेटची मर्यादा पायांना आधी कळते. बैठका सोप्या वाटू लागल्या की एक पाय पुढे घेऊन करा, खाली जाताना तीन सेकंद लावा. काही महिने निघतात. त्यानंतर लोखंडी प्लेटा घ्यायला जाल तेव्हा आपला रॉड सोबत न्या. प्लेटांची भोकं सगळीकडे एकाच मापाची नसतात, आणि अर्धवट बसलेली प्लेट पायावर पडते.