'पेळ्ळी चेसी चूडू' की 'गुंडम्मा कथा'?

लग्न ठरलेल्या भाचीला होणाऱ्या तेलुगू सासरच्या मंडळींनी हे दोन चित्रपट सुचवले. आधी कोणता पाहावा, असे तिने मला विचारले. दोन्ही मद्रासच्या विजया प्रॉडक्शन्सचे, कृष्णधवल आणि घंटसालांच्या संगीताचे असल्याने त्या अंगाने निवड होत नाही.

फरक पडतो तो कलहाच्या कारणात. एल. व्ही. प्रसाद यांच्या 'पेळ्ळी चेसी चूडू'मध्ये (1952) भांडण हुंड्याचे आहे. वडिलांच्या हट्टापुढे मुलगा वेडाचे सोंग घेतो आणि त्याची पत्नी परिचारिका बनून त्याच घरात शिरते. प्रश्न थेट मांडलेला आहे, मात्र सोंगाचा भाग मला लांबलेला वाटतो.

कमलाकर कामेश्वर राव यांच्या 'गुंडम्मा कथा'मध्ये (1962) कलह स्वभावाचा आहे. सावत्र मुलीला मोलकरणीसारखे राबवणारी आणि पोटच्या मुलीला लाडावणारी गुंडम्मा सूर्यकांतम यांनी अशी उभी केली आहे की, तिचा राग येत असतानाच तिची एकाकी धास्तीही जाणवते. एन. टी. रामाराव, अक्किनेनी नागेश्वर राव, सावित्री आणि जमुना असूनही चित्रपट तिचाच राहतो. गर्विष्ठ धाकट्या मुलीला नवऱ्याने गरिबीचे सोंग करून 'धडा शिकवणे' मात्र आज खटकते, आणि ते खटकायलाच हवे.

हुंड्याविषयी घरात बोलणे सुरू करायचे असेल, तर पहिला पाहावा. तेलुगू फारशी न समजणाऱ्यांसह सर्वांनी एकत्र बसायचे असेल, तर दुसरा.