अ‍ॅक्वाक्रॉप: पाणी कमीच पडणार असेल तर कुठली पाळी चुकवायची?

एफएओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, त्यांचं अ‍ॅक्वाक्रॉप हे सॉफ्टवेअर मी गेले बरेच महिने जवळजवळ रोज वापरतेय. पाणीटंचाईचा अभ्यास सुरू केला तेव्हा माझा प्रश्न साधा होता, पिकाला पाणी किती लागतं. पण जिथे टंचाई आहे तिथे लागतं तेवढं मिळणार नाही हे आधीच माहीत असतं, मग जे आहे ते कधी द्यायचं आणि एखादी पाळी चुकवायचीच असेल तर नेमकी कुठली, हे विचारावं लागतं. या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त मदत या सॉफ्टवेअरने केली. 5 पैकी 4 देईन, एक का कापला ते पुढे सांगते.

थोडं मागचं. हे 2009 ला आलं, फुकट आहे, आणि 2022 च्या सातव्या व्हर्जनपासून त्याचा कोडही सगळ्यांना खुला आहे. त्याच्या आधी एफएओचंच 1979 चं सूत्र वापरायचे, पाण्यात जेवढी तूट आली तिला पिकाचा गुणांक लावायचा की उत्पादनातली तूट निघते. मोठ्या भागाचं ढोबळ नियोजन करायला ते अजूनही चालतं, पण मुळांपाशी रोज काय चाललंय ते त्यात दिसत नाही. अ‍ॅक्वाक्रॉप रोजमेळ ठेवतं, आज पाऊस किती, पाणी दिलं किती, खाली झिरपलं किती, हवेत गेलं किती आणि मुळांच्या थरात शिल्लक किती.

मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे ते पानांचं क्षेत्रफळ मागत नाही. बाकीची बरीच पीक मॉडेल्स ते मागतात आणि ते मोजायचं म्हणजे पानं तोडा, मशीनखाली घाला, दिवस जातो त्यात. इथे फक्त एवढंच की वरून सरळ खाली बघितलं तर जमिनीचा किती भाग हिरव्याने झाकलाय. मी काठीला मोबाईल बांधून वरून फोटो काढायचे, दर आठवड्याला त्याच जागेवर, आणि हिरवा भाग किती टक्के ते काढून मॉडेलच्या रेषेशी ताडून बघायचे. महागडी उपकरणं नसलेल्या माणसालाही आपलं मॉडेल खरं बोलतंय का ते तपासता येतं, ही फार मोठी गोष्ट आहे.

आता रन करायची, म्हणजे मॉडेल चालवून बघायची स्क्रीन, खरी मजा तिथेच. एकाखाली एक तीन ग्राफ येतात. सगळ्यात वर पीक रोज किती पाणी पानातून सोडतंय ते म्हणजे बाष्पोत्सर्जन, मधे हिरवं आच्छादन, आणि खाली मुळांच्या थरातली ओलाव्याची तूट. या खालच्या ग्राफमध्ये रंगीत आडव्या रेषा असतात, एक ओलांडली की पानांची वाढ मंदावते, त्याच्या खालची ओलांडली की पानांवरची छिद्रं मिटायला लागतात, आणखी खाली गेलं की पानं वेळेआधी पिवळी पडतात. पूर्ण हंगाम एकदम पळवायची गरज नाही, दहा दहा दिवसांनी पुढे सरकता येतं, थांबायचं, रेषा कुठे आलीय बघायचं, पाणी द्यायचं की नाही ठरवायचं आणि पुढे जायचं. मी पहिल्यांदा असं मक्यावर करून बघितलं. सुरुवातीला पान जरा सुकेपर्यंत थांबले तर वाटलं गेलं पीक, पण आच्छादन थोडं मागे पडलं आणि शेवटी उत्पादनात फारसा फरक नव्हता. मग तेवढंच पाणी ठेवून तुरा आणि कणसाच्या वेळची पाळी काढली आणि ती आधीच्या वाढीच्या काळात टाकली, तर दाणे भरायचा हिशोबच बिघडला. एकूण पाणी सारखंच होतं, एक थेंबही कमी केला नव्हता. हे पुस्तकात वाचलेलं असतंच सगळ्यांनी, पण ती रेषा नेमक्या त्या आठवड्यात खाली घसरताना बघितली की मनात पक्कं बसतं.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे ते जमिनीवरून उडालेलं पाणी आणि पिकातून गेलेलं पाणी वेगळं वेगळं मोजतं. बायोमास, म्हणजे पिकाचं एकूण वाळलेलं वजन, बनतो तो फक्त पिकातून गेलेल्या पाण्यावर, उघड्या मातीवरून जे उडालं त्याने पीक एक पानही वाढत नाही. पेरणीनंतर जमीन उघडी असताना दर दोन दिवसांनी हलकं हलकं पाणी दिलं तर किती वाया जातं ते आकड्यात समोर येतं. मातीवर पालापाचोळ्याचं किंवा प्लास्टिकचं आच्छादन टाकायचा पर्याय पण आहे, तो लावून परत रन केलं की कुठला आकडा खाली आला ते लगेच कळतं. आकडे सगळे मिलिमीटरमध्ये असतात, नवीन माणसाला त्याचा अंदाज येत नाही म्हणून सांगते, एक हेक्टरवर 1 मिमी म्हणजे 10,000 लिटर. हे एकदा डोक्यात बसलं की 30 मिमी बाष्पीभवन वाचलं हे वाक्य वाचताना नुसता आकडा दिसत नाही.

हवामान बदलासाठी वापरणार असाल तर जपून. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या फाईल्स त्यात दिलेल्याच आहेत, हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेच्या मोजणीवरून 2000 सालचं 369.41 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) हे प्रमाण धरून पुढचा हिशोब होतो. गव्हासारख्या पिकाला जास्त कार्बन डायऑक्साइड मिळाला की तेवढ्याच पाण्यात बायोमास जास्त दिसतो, मक्यासारख्या पिकाला तो फायदा फार थोडा. सुरुवातीला असे ग्राफ बघून मला हायसं वाटलं होतं की बरं झालं निसर्गच थोडं सांभाळून घेईल, पण तापमानाची फाईल बदलून कॅलेंडरच्या दिवसांऐवजी रोज मिळालेल्या उष्णतेच्या बेरजेवर पिकाची वाढ मोजायला सांगितली तर हंगामच आखूड होतो, दाणे भरायला दिवस कमी मिळतात, शिवाय फुलोऱ्यात उष्णता वाढली तर परागीभवनावर ताण येतो तो वेगळाच. जमिनीत अन्नद्रव्यं कमी असतील तर कार्बनचा फायदा पण तेवढा मिळत नाही. तर नुसती कार्बनची फाईल बदलून भविष्याचं चित्र कुणाला दाखवू नका प्लीज.

माझ्याकडून झालेली मोठी चूक पण लिहिते, दुसऱ्याचे दिवस वाचतील. सुरुवातीची ओल ठरवायची एक फाईल असते, ती दिली नाही तर सॉफ्टवेअर असं धरून चालतं की पेरणीच्या दिवशी जमीन पाणी धरून ठेवायच्या पूर्ण क्षमतेला आहे, म्हणजे पोटभर ओल. मी ते तसंच सोडलं होतं. टंचाईचा अभ्यास आणि सुरुवात भरल्या जमिनीने! आकडे इतके छान येत होते की मला शंका यायला हवी होती पण आली नाही, सगळे रन परत करावे लागले. तसंच एका हवामान केंद्राच्या डेटात वाऱ्याची कितीतरी दिवसांची नोंदच नव्हती. अशा वेळी 2 मीटर प्रति सेकंद वारा धरा असं एफएओच्या 1998 च्या 56 नंबरच्या मार्गदर्शिकेत दिलंय, ते चालतं, पण कोरड्या आणि वारा जास्त असलेल्या जागी पाण्याची गरज त्याने कमी दिसते हे लक्षात ठेवा.

पिकांच्या तयार फाईल्स दिल्यात, गहू, भात, मका, कापूस, बटाटा, ऊस, ज्वारी अशा. त्यातली मक्याची कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या प्रयोगांवर बसवलेली आहे. तुमचं वाण वेगळं असेल तर पेरणीपासून फुलोऱ्यापर्यंतचे दिवस, मुळांची खोली आणि पक्वतेचे दिवस तरी स्वतःच्या नोंदीवरून बदलाच.

आता तो कापलेला गुण. अ‍ॅक्वाक्रॉपला एक शेत दिसतं, त्याच्या पलीकडे काही दिसत नाही. भूजलाची पातळी किती खोल आहे ते तुम्ही सांगायचं, मग तिथून ओल वर किती चढेल ते ते काढून देईल, पण सगळ्यांनी मिळून उपसा वाढवला तर ती पातळी कुठे जाईल याचा त्याला पत्ता नाही. हे त्यांनी लपवलेलं नाही, मॉडेल बनवलंच आहे शेताच्या पातळीवर. पण वापरणारे विसरतात आणि मला त्याची खरंच काळजी वाटते. समजा एका शेतात खाली झिरपणारं पाणी तुम्ही वाचवलं, ग्राफ सुंदर दिसतो, पण ते झिरपलेलं पाणी कुठल्या तरी विहिरीत किंवा खालच्या ओढ्यात जात होतं की! ते वाया जात नव्हतं, दुसऱ्या कुणाचं तरी होतं. मग वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवलं तर पूर्ण खोऱ्याचा विचार करता हवेत जाणारं पाणी वाढतं आणि खालच्याच्या वाट्याला कमी येतं. 2018 ला सायन्स या नियतकालिकात सिंचन कार्यक्षमतेच्या याच विरोधाभासावर लेख आला होता, सिंचन सुधारलं म्हणून खोऱ्यातलं पाणी आपोआप वाचत नाही, त्यासाठी उपशावर मर्यादा आणि पाण्याचा खरा हिशोब लागतो. जगात नद्या-तलाव-भूजलातून जेवढं गोडं पाणी उचललं जातं त्यातलं साधारण 70 टक्के शेतीसाठी जातं, तिथे असा हिशोब चुकला तर तो फार लांबपर्यंत चुकतो. म्हणून मी आता रिपोर्ट बघताना आधी बघते की वाचलं म्हणतात ते बाष्पीभवन वाचलंय की झिरपणं, पहिलं असेल तर खरी बचत.

बाकी किरकोळ. कीड रोग त्यात धरलेले नाहीत, पूर्ण शेत एकसारखं धरतं. दिसायला जुनाट आहे, खिडक्यांमागून खिडक्या उघडतात, सवय होते. शेकडो रन करायचे असतील तर पायथॉनमधलं ओपन सोर्स रूप आहे, थोडं कोडिंग येत असेल तर तेच घ्या.

नव्याने सुरू करणाऱ्याने आधी एकच पीक, एकच माती, एकच हंगाम घ्यावा, आणि ज्याचं खरं उत्पादन आणि पाण्याच्या पाळ्यांच्या तारखा वहीत लिहिलेल्या आहेत असाच हंगाम घ्यावा. पेरणीआधी एक मीटरपर्यंत थराथराने माती काढून ओल मोजा, ओली माती तोला, ओव्हनमध्ये 105 अंशाला वाळवा, परत तोला. आलेला आकडा वजनाचा असतो, सॉफ्टवेअरला आकारमानाचा लागतो, म्हणून मातीच्या घनतेने गुणून मगच त्या फाईलमध्ये भरा, नाहीतर माझ्यासारखं सगळं परत करावं लागेल.