शांतिवनम्: कावेरीकाठच्या आश्रमातील चार दिवस

तिरुच्चिरापळ्ळीहून करूरकडे जाणाऱ्या बसने सुमारे 35 किलोमीटर गेले, की कुळितलैच्या जवळ तण्णीरपळ्ळी नावाचे गाव लागते. तेथे उतरून कावेरीच्या बाजूला थोडे चालत गेल्यावर नारळाच्या आणि आंब्याच्या झाडीत सच्चिदानंद आश्रम आहे. त्याचे रूढ नाव शांतिवनम् असून बसच्या वाहकालाही तेच सांगावे. कॅथलिक संन्याशांच्या या आश्रमात कोणत्याही धर्माच्या माणसाला राहता येते आणि रोजच्या उपासनेला बसता येते. हिंदू-ख्रिस्ती संवादावरील लेखनात याचा उल्लेख इतक्या वेळा वाचला होता, की एकदा प्रत्यक्ष राहून पाहावे, या हेतूने आम्ही पतिपत्नी जानेवारीत चार दिवस तेथे मुक्कामाला होतो.

राहण्याची व्यवस्था साधी आहे. झाडांमधून विखुरलेल्या कुट्या आणि खोल्या असून त्यांत गरजेपुरतेच सामान असते. ज्यांना हॉटेलातील सोयी हव्यात, त्यांनी तिरुच्चिरापळ्ळीतच उतरलेले बरे. जेवण शाकाहारी असते, भात, सांबार, रस्सम आणि एखादी भाजी असे, आणि ते जमिनीवर बसून हाताने जेवायचे. सकाळी भाजी चिरायला पाहुण्यांनी हात लावला तर त्यांना ते आवडते. माझ्या शेजारी बसून दुधी चिरणारे एक वृद्ध जर्मन गृहस्थ कितव्यांदा तरी आले होते आणि विळीवर माझ्यापेक्षा सराईतपणे बसत होते. मुक्कामाचे ठरावीक भाडे नसते. निघताना यथाशक्ती देणगी द्यावी, अशी पद्धत आहे. ही पद्धत आपल्या मठांतून रुळलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

आश्रमाची स्थापना 1950 साली दोन फ्रेंच धर्मगुरूंनी केली. ज्यूल मोंशानँ हे विचारवंत प्रकृतीचे होते आणि 1957 मध्ये त्यांचे निधन झाले. दुसरे आंरी ल सो, म्हणजेच स्वामी अभिषिक्तानंद, यांच्यावर तमिळ प्रदेशातील अरुणाचल डोंगराच्या पायथ्याच्या रमण महर्षींच्या दर्शनाचा खोल परिणाम झाला होता. पुढे ते हिमालयाकडे ओढले गेले आणि 1973 मध्ये इंदूरला वारले. 1968 मध्ये बेनेडिक्टाइन या कॅथलिक संघाचे इंग्रज संन्यासी बीड ग्रिफिथ्स केरळातून येथे आले आणि 1993 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी आश्रम सांभाळला. आज पाहुण्याला जो आश्रम दिसतो, त्याची घडी मुख्यतः त्यांनी बसवलेली आहे, आणि त्यांची समाधीही तेथेच आहे.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे मंदिराकडे वळतो. मंदिर हा शब्द मी विचारपूर्वक वापरत आहे, कारण वास्तूची रचना द्राविडी देवळाची आहे: प्रवेशाशी गोपुर, आत मंडप, आणि शेवटी अंधारे गर्भगृह. गोपुरावर ख्रिस्ती त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या रूपांतील एकच देव, त्रिमूर्तीच्या धाटणीत, तीन मुखांनी दाखवलेले आहे. पहिल्या दिवशी ते पाहून मी थबकलो, हे कबूल करतो. आपल्या घरातील भांडी दुसऱ्या कोणाच्या घरात मांडलेली दिसावीत, आणि ती मागून नेली, उसनी घेतली, की प्रेमाने जपून ठेवली, हे चटकन कळू नये, तसे काहीसे वाटले.

दिवसात तीन वेळा प्रार्थना होते आणि पहाटे व सूर्यास्ताला नदीकाठी ध्यानासाठी वेळ राखलेला असतो. सकाळी वेद, उपनिषदे आणि गीता यांतील वाचन असते, संध्याकाळी माणिक्कवाचकरांसारख्या तमिळ संतकवींची पदे म्हटली जातात, आणि त्यांच्या जोडीला बायबलमधील स्तोत्रे असतात. सकाळी कपाळाला चंदन, दुपारी कुंकू आणि संध्याकाळी विभूती लावतात. मिस्साबलीत, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याच्या कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, अर्पणाच्या वेळी वेदीभोवती पाणी शिंपडतात, आठ दिशांना आठ फुले ठेवतात, मग धूप आणि कापराची आरती ओवाळतात. यांतील कोणतीही गोष्ट देखावा म्हणून उरकली जात नाही. आपल्याकडे मोठ्या देवस्थानांत आरती रेटून पुढे सरकणाऱ्या गर्दीत जितकी एकाग्रता साधते, त्याहून येथे पाच-पंचवीस माणसांत कितीतरी अधिक साधली, हे मला नोंदवलेच पाहिजे.

ही सगळी पद्धत कोणा एकाच्या लहरीतून आलेली नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये अन्य धर्मांतील सत्य आणि पावित्र्य नाकारायचे नाही, असे जाहीर केले, आणि त्यानंतर 1969 मध्ये भारतातील उपासनेसाठी बारा बदलांना रोमने संमती दिली. खाली बसणे, हात जोडून वंदन करणे आणि आरती हे त्यांतलेच. येथे गायले जाणारे ‘वन्दे सच्चिदानन्दम्’ हे संस्कृत स्तोत्र मात्र त्याच्या कितीतरी आधीचे, 1898 मधील आहे. ते ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली ख्रिस्ती संन्याशाने रचले. सत्, चित् आणि आनंद यांतून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा विचार करण्याची जी रीत आश्रमाच्या नावातच आहे, तिचे मूळ असे भारतीय माणसाच्या लेखणीत आहे.

मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद (ख्रिस्ताचे शरीर मानून दिली जाणारी भाकर) देण्याची वेळ आली, तेव्हा आम्ही दोघे जागेवर बसून राहिलो, कारण तो कॅथलिक श्रद्धावंतांसाठीच असतो. चंदन आम्ही घेतले होते, आरतीवर हात फिरवून डोळ्यांना लावले होते, आणि नंतर ही मर्यादा आली. पत्नीला ती खटकली, कारण आपल्याकडे तीर्थप्रसाद देताना कोणी धर्म विचारत नाही. मला ती प्रामाणिक वाटली. (यावर आमचा वाद परतीच्या गाडीतही चालू होता.) जिथे भेद खरोखर आहे तिथे तो झाकायचा नाही, एवढे भान यजमानांनी ठेवले आहे, असे मला वाटते.

आश्रमावर आक्षेप घेणाऱ्यांची बाजूही वाचकाला माहीत असावी. भगवी वस्त्रे, ॐकार आणि संन्यास यांचा असा वापर म्हणजे धर्मांतरासाठी चढवलेला वेश आहे, अशी कठोर टीका 1980च्या दशकात सीताराम गोयल यांनी केली होती. चार दिवसांत आम्हाला कोणी ख्रिस्ती होण्याविषयी एक शब्दही बोलले नाही, त्यामुळे तो आरोप मला येथे लागू पडताना दिसला नाही. दलित ख्रिस्ती विचारवंतांचा आक्षेप मात्र मला अधिक वजनदार वाटतो. तामिळनाडूतील ख्रिस्ती समाजात दलितांचे प्रमाण मोठे आहे, आणि ज्या संस्कृत-ब्राह्मणी परंपरेने त्यांना देवळाबाहेर ठेवले, तिच्याच मंत्रांनी आता चर्चने देवाला आळवावे, हे त्यांना कसे रुचावे? येथे ज्या हिंदू धर्माशी संवाद होतो, तो प्रामुख्याने उपनिषदांचा हिंदू धर्म आहे; शेजारच्या गावातील ग्रामदेवतेचा नव्हे.

अशा वेळी मराठी माणसाला नारायण वामन टिळक आठवल्याशिवाय राहत नाहीत. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्तभक्ती अभंगात आणि भजनात आणली, म्हणजे ज्या छंदात वारकरी आधीच गात होता त्या छंदात आणली, आणि 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन करताना बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही त्यात जागा ठेवली. शांतिवनम् अभ्यासाने आणि ध्यानाने जिथे पोहोचते, तिथे टिळक टाळ-चिपळ्यांनी पोहोचले होते. शांतिवनम्‌मध्ये मला उणे वाटले ते हेच, की पाहुण्यांत युरोपीय साधक भरपूर दिसले, पण बोलणाऱ्या हिंदूंची संख्या फार थोडी होती. हा दोष आश्रमाचा नाही, दार उघडेच आहे. त्यातून आत जाण्याचे कुतूहल आपल्या बाजूने कमी पडते. दुपारच्या चहाच्या वेळी एका संन्याशाशी माझे ईशावास्य उपनिषदावर तासभर बोलणे झाले. त्यांना शांकरभाष्य माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते, आणि बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाविषयी मला त्यांना विचारण्यासारखे फारसे सुचले नाही, याची मला तेव्हा लाज वाटली.

जाणाऱ्यांनी आधी कळवून जावे, निदान तीन रात्री राहावे, आणि ग्रंथालयासाठी एक दुपार राखून ठेवावी. एका दिवसाच्या भेटीत फक्त गोपुर आणि छायाचित्रे हाती लागतील. लहान मुलांना घेऊन जाणे मी सुचवणार नाही, कारण मौनाच्या वेळा त्यांना जड जातील.

परतताना तंजावरसाठी एक दिवस जरूर ठेवावा. तेथे शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेले संगमरवरी शिल्प आहे: मृत्युशय्येवरील जर्मन लुथरन धर्मोपदेशक श्वार्ट्झ, आणि त्यांचा हात हातात घेतलेले तंजावरचे तरुण राजे सरफोजी भोसले. आधीचे राजे तुळजाजी यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या या दत्तक मुलाचे रक्षण आणि शिक्षण श्वार्ट्झ यांनी केले. 1798 मध्ये श्वार्ट्झ वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले, आणि हे स्मारक त्यांनी स्वतः करवून घेतले. तेथून बृहदीश्वराच्या देवळापर्यंत पायी जाता येते, आणि देवळाच्या भिंतीवर त्याच सरफोजींनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. आम्ही आधी चर्च आणि मग देऊळ पाहिले. उन्हाचा विचार करता हाच क्रम सोयीचा आहे.