चोर बाजारातली जुनी नाणी: काय घ्यावं, काय सोडावं

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुनी नाणी शोधायची तर खिशात छोटा डिजिटल काटा, दहापटीचं भिंग आणि लोहचुंबक हवंच. माल भरपूर आहे, पण विक्रेत्याने सांगितलेल्या नावावर भाव ठरवू नका.

सगळ्यात जास्त फसवणूक राणीछाप रुपयात होते. व्हिक्टोरियाच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. झिजेमुळे थोडी घट चालते, पण ११ ग्रॅमच्या खाली गेला तर सोडून द्या. कडेवर जोडाची रेघ किंवा अक्षरांभोवती बारीक खड्डे दिसले, तर तो साच्यात ओतलेला खोटा नग आहे. सहाव्या जॉर्जचे १९४० पासूनचे रुपये निम्म्याच चांदीचे आहेत. त्यांना राणीछापाचा भाव देऊ नये. चांदी चुंबकाला चिकटत नाही; १९४७ चा वाघाचा रुपया मात्र चिकटतो. तो निकेलचा आहे, खोटा नाही.

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, इथे खरोखर बघण्यासारखी असते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, कडेने ठिपक्यांची माळ. विक्रेता प्रत्येक नग ‘महाराजांच्या काळातला’ म्हणून पुढे करतो, पण पेशवाईत आणि त्यानंतरही शिवराई पाडल्या जात होत्या, आणि बाजारात येणाऱ्या बहुतेक त्याच. ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे उत्तरकाळची. तिची किंमत त्या मानानेच द्यावी. ठसा नाण्याच्या मध्यावर बसलेला आणि अक्षरं पूर्ण असलेला नग मिळाला तर जरूर घ्या; अशा शिवराईसाठी घासाघीस करायला वेळ घालवणं सार्थकी लागतं. चिंचेने घासून चकचकीत केलेली घेऊ नका. तांब्यावरचा जुना थर गेला की संग्राहक तिला विचारत नाहीत. सोन्याचा शिवराई होन कुणी टोपलीतून काढून दाखवला, तर पुढे चला.

‘१८१८, ईस्ट इंडिया कंपनी’ लिहिलेले रामदरबाराचे किंवा हनुमानाचे तांब्याचे तुकडे ही नाणी नव्हेतच, नंतर बनवलेली पदकं आहेत. पैसे घालवू नका.

शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी नेता येत नाही, हे नातेवाइकांसाठी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. मटन स्ट्रीटवरची बहुतेक दुकानं शुक्रवारी बंद असतात.